चोयिकुट्टी तपासणीला निघतात

कल्लायीच्या पुलावरून उतरताना ड्रायव्हरनं एक खड्डा शिताफीनं चुकवला आणि त्याच्या शेजारचा घेतला, तशी ब्लेस्सी सिस्टरच्या मांडीवरच्या फायली घसरून चोयिकुट्टींच्या पायांशी सांडल्या. चोयिकुट्टी वाकले. हल्ली वाकलं की पोटात वरच्या अंगाला कुणीतरी ओल्या दोरीला पीळ द्यावा तसं होई. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगायचा विचारही नव्हता. फायली पाच होत्या. चार मळलेल्या, कोपरे मुडपलेल्या. त्या चार घरांना जीप आज जायची होती. पाचवी नवी कोरी होती आणि तिच्यावर निळ्या शाईत नाव होतं : व्ही. पी. चोयिकुट्टी, वय चौऱ्याहत्तर. खाली एक रकाना : रुग्णाला आजाराची कल्पना आहे का? त्यापुढे सुहराच्या गिचमीड अक्षरात : नाही. चोयिकुट्टींनी चष्मा पुसला, तो स्वच्छच होता. मग पाचवी फाइल त्या चारींच्या बरोबर मधे सरकवून त्यांनी गठ्ठा सिस्टरकडे दिला आणि म्हणाले, "फायलींना दोरी बांधत जा. एक गुण कमी." पुढच्या सीटवरून सुहरा मान न वळवता म्हणाली, "एकच? आज मूड चांगला दिसतोय चोयिएट्टांचा."

गेले पाच मंगळवार ते या जीपमधून तपासणीला जात होते. वस्तीतली ही मंडळी बरं न होणाऱ्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन सोय बघत; जखम धुणं, दुखणं थांबवायच्या गोळ्या, नळी बदलणं, शेजारी बसणं. अख्खं कोळिक्कोड त्यांना नुसतं 'पॅलिएटिव्ह' म्हणे, जसं 'पोस्ट' म्हणावं. ब्लेस्सी पगारी नर्स. सुहरा शिवणकाम करणारी, पन्नाशीची, विधवा, बिनपगारी आणि म्हणून सगळ्यांवर डाफरणारी. आणि चोयिकुट्टी? छत्तीस वर्षं वलियंगाडीच्या बाजारात मिरीची प्रत ठरवणारा माणूस. पोत्यात नळी खुपसावी, मधल्या मिरीचा नमुना काढावा, तळहातावर घोळवावा, एक दाणा दाढेखाली फोडावा आणि व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता निकाल सांगावा, हा त्यांचा जन्म. पोत्याच्या तोंडाशी नेहमी चांगला माल असतो, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात शिकून घेतलं होतं. दुसरं शिकायला दहा वर्षं गेली : निव्वळ निर्मळ माल जगात नसतो. मिरी फार चकाकायला लागली की समजावं, तेल चोपडलंय. थोडी काडी, थोडी माती, एखादा पोचट दाणा, मग विश्वास ठेवायला हरकत नाही.

तर एका संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर ते सुहराला सहज म्हणाले होते की तुम्ही एवढं काम करता, पण त्याची प्रत कोण तपासतं? मी तपासतो. फुकट. सुहरानं तिथल्या तिथे हो म्हटलं होतं. इतक्या चटकन आजवर एकाही व्यापाऱ्यानं पोतं उघडून दिलं नव्हतं, हे त्यांना तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माणूस स्वतःच्या हुशारीवर खूश असला की नाकाची एक पुडी बंद होते. कारण चोयिकुट्टींना आपला आजार माहीत होता. मुलीनं, शीबानं, स्कॅनचा कागद तांदळाच्या डब्यात लपवला होता. तांदळाच्या डब्यात! ज्या माणसानं उभा जन्म धान्यात हात घालण्यात काढला, त्याच्यापासून! स्वादुपिंडात गाठ, यकृतावर डाग, पुढे काही करण्यासारखं नाही. कागद होता तशाच घड्या घालून त्यांनी परत पुरला, वरून तांदूळ सपाट केले आणि दोन महिने तोंडातून अक्षर काढलं नाही. उद्या ज्यांच्या हाती पडायचं ते लोक कसे आहेत हे आपल्याला बघायचंय, आणि त्यांना ते कळता कामा नये, असा त्यांचा बेत. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. आता कळलं की भांडं सगळ्या गल्लीला दिसत होतं. शीबा आधीच जाऊन सगळं सांगून आली होती आणि सुहरानं तपासणीच्या नावाखाली आपला रुग्ण दर आठवड्याला जीपमध्ये आणून बसवला होता.

एकेक गोष्ट आता उलटी होऊन समोर यायला लागली. "काटा बरोबर आहे का बघायचंय, जरा उभे राहा," असं म्हणून ब्लेस्सी दर मंगळवारी त्यांचं वजन करायची. दर मंगळवारी काटा थोडं कमी दाखवायचा आणि आपलं वजन उतरतंय हे लपवण्यासाठी चोयिकुट्टी दर मंगळवारी अहवालात ठामपणे लिहायचे : वजनकाटा सदोष, बदलावा. चार वेळा लिहिलं होतं. चार वेळा तिनं गंभीर चेहऱ्यानं "बदलते हं" म्हटलं होतं. तिला हसू कसं आलं नाही? की घरी जाऊन हसत होती? झोप कशी लागते हो या वयात, पाय सुजतात का हो, मासे पचतात का हो अजून. त्यांना वाटे, पोरगी बोलकी आहे. स्वभाव : उत्तम, असंही लिहिलं होतं. म्हणजे त्यांनी पाहिलं ते सगळं पोत्याचं तोंड. हात धुणं, रुग्णाच्या डोक्यावरून न बोलता त्याच्याशी बोलणं, घड्याळाकडे न बघणं, असे त्यांच्या यादीतले चौदा मुद्दे, त्यांवरचे तांबड्या पेन्सिलीचे गुण. सगळं त्यांना दाखवण्यासाठी असू शकत होतं. नमुना वाया गेला होता. अपमान वगैरे नाही, चोयिकुट्टींना अपमानाची फारशी सवय नव्हती. पण काम पुन्हा करावं लागणार याचा वैताग आला. त्या दिवशी काट्यावर उभं राहून त्यांनी आकडा वाचला. एकोणपन्नास. अहवालात लिहिलं : काटा बरोबर आहे.

काम पुन्हा करणं भागच होतं. कारण ही प्रत नुसती मलमपट्टीची नव्हती. नऊ वर्षांपूर्वी कल्याणी, त्यांची बायको, घरातच पडून होती. डॉक्टरांनी जवळजवळ सांगून टाकलं होतं आणि तिनं स्वतः सांगितलं होतं, "मला इथून हलवू नका हो." एका सकाळी तिचा श्वास बदलला. घशात उकळल्यासारखा आवाज यायला लागला आणि चोयिकुट्टींनी, छत्तीस वर्षं कुणाच्या चेहऱ्याकडे न बघता निकाल देणाऱ्या चोयिकुट्टींनी, धावत जाऊन फोन उचलला. अॅम्ब्युलन्स. मग अकरा दिवस आयसीयूची काच. इथल्या दवाखान्यांत रुग्णासोबत राहणाऱ्याला 'बायस्टँडर' म्हणतात. बाजूला उभा राहणारा. भोंग्यावर पुकारत, "बेड सातचे बायस्टँडर", आणि ते हिरवा झगा घालून पाच मिनिटं बाजूला उभे राहायला आत जात. कल्याणीच्या तोंडात नळी होती, त्यामुळे ती काही म्हणाली नाही, पण डोळे उघडून एकदा बघितलं. त्या बघण्याची प्रत त्यांनी कधी ठरवली नाही. बाराव्या दिवशी तिच्या कानातल्या कुड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या, पिशवीवरही बेड सात. बाजारातून घरी येताना जी वाट त्यांच्या पायांना पाठ होती ती त्या दिवशी दोनदा चुकली. तेव्हापासून त्यांना एक माहीत होतं. मरणारा माणूस फार त्रास देत नाही. घात करतो तो प्रेम करणाऱ्याचा घाबरलेला हात. आणि शीबाचे हात हुबेहूब त्यांच्यावर गेले होते. तेव्हा खरा मुद्दा, चौदांत नसलेला पंधरावा, हा : त्या घडीला शीबा फोनकडे धावली, तर हे लोक तिला कसं धरणार?

मधला नमुना न सांगता काढतात. रविवारी सकाळी पॅलिएटिव्हला सुट्टी. चोयिकुट्टींनी शीबाला सांगितलं की केस कापायला जातो, आणि एकटेच बसमध्ये चढून चीरूअम्माच्या घरी निघाले. चीरूअम्मा म्हणजे मंगळवारच्या फेरीतलं तिसरं घर. ब्याऐंशी वर्षांची, एकेकाळी काथ्या वळणारी, आता अंथरुणाला खिळलेली, तोंडानं तिखट. मुलगा सुगुणन बावीस वर्षं सौदीत, दम्माममध्ये राहून गेल्याच महिन्यात कायमचा परतला होता. त्यांचा बेत साधा होता : म्हातारीशेजारी बसायचं आणि विचारायचं, कुणी नसताना हे लोक कसे वागतात गं? बसच्या दांडीला धरून उभं राहताना पोटातली दोरी दोनदा पिळली. एका कॉलेजच्या पोरीनं उठून जागा दिली. पूर्वी असं कुणी केलं की त्यांना राग येई. आज ते बसले आणि विचार करत राहिले की ह्या पोरीला असं काय दिसलं असेल, जे शीबाला दिसत नाही असं मी दोन महिने समजून चाललोय.

घराच्या फाटकाशी अॅम्ब्युलन्स उभी होती. भोंगा बंद, ड्रायव्हर दाराला टेकून. अंगणात शेजारपाजारचे दहा-बारा लोक होते, कुणी नजर वर करून पाहिलं नाही. मरणाच्या अंगणात एक म्हातारा जास्त झाला तर कुणी मोजत नाही. पडवीतल्या बाजेवर चीरूअम्मा. घशातला तो आवाज चोयिकुट्टींना फाटकातूनच ओळखू आला आणि त्यांचे पाय पायरीखालीच थांबले. बाजेच्या एका बाजूला सुगुणन, हातात फोन, घामानं निथळलेला. दुसऱ्या बाजूला सुहरा. पॅलिएटिव्हचा निळा कोट नाही, ओळखपत्र नाही. घरातला झगा, डोक्यावर घाईनं ओढलेली ओढणी, उजव्या हाताला कोपरापर्यंत हळद-मसाला. तळणीवरची तारली टाकून उठून आली होती आणि सगळ्या पडवीला तिच्या हाताचा वास येत होता.

"उचला, उचला तिला!" सुगुणन ओरडत होता. "बावीस वर्षं वाळवंटात काढली मी. कशासाठी? आई दवाखान्याविना गेली असं लोकांनी म्हणायला?"

"लोक मेले इथेच उभे आहेत, विचार त्यांना काय म्हणतात ते," सुहरा म्हणाली. "ए शांते, तू काही म्हणतेस?"

शांता नावाची शेजारीण घाबरून म्हणाली, "मी कशाला काय म्हणू?"

"बघ. काही म्हणत नाही."

"तुम्हाला सोपं आहे सुहराइत्ता! तुमची आई आहे का ती?"

"माझी आई असती तर एवढं बोलून घेतलं असतं का तुझं? कानफटात दिली असती एव्हाना!" सुहरा आता खरोखर ओरडत होती, अगदी रस्त्यावरच्या भांडणासारखी, आणि चोयिकुट्टींच्या मनातल्या तांबड्या पेन्सिलीनं आपोआप दोन गुण कापले. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "सुगुणा, तुमच्यात शेवटचं पाणी कुणी द्यायचं असतं?"

त्यानं फोन या हातातून त्या हातात घेतला.

"मला माहीत नाही म्हणून विचारतेय. मी पडले मापिळा, मुसलमान."

"मुलानं," तो म्हणाला.

"काचेच्या आत सोडतील तुला? वाटी-चमचा घेऊन?"

घशातला आवाज थांबला. सगळ्या अंगणानं श्वास रोखला. पुन्हा सुरू झाला. सुगुणननं फोन कानाला लावला, मग खाली घेतला, मग परत लावला, आणि तो आता कुणाला लावला आहे हे त्यालाच माहीत नसावं. सुहरानं त्याच्या मनगटाला आपला मसाल्याचा हात धरला आणि खाली बसवलं; समजूत काढली नाही, उपदेश केला नाही, बैलाला बसवतात तसं बसवलं. "ओठ बघ किती सुकलेत तिचे. हा कापूस. बुडव. पीळ. ओठांवरून फिरव. घाई नको. आणि घाबर. घाबरायला कुणी मनाई केलेली नाही, पण बसून घाबर." मग फाटकाकडे वळून ड्रायव्हरला म्हणाली, "तू जा रे बाबा. की थांबतोस? थांब हवं तर, पण त्या झाडाखाली." ड्रायव्हर मुकाट्यानं झाडाखाली गेला. ब्लेस्सी आली ती चाळीस मिनिटांनी, चर्चमधल्या कपड्यांत, औषधाची पेटी घेऊन, धापा टाकत. तोवर चीरूअम्माच्या ओठांवरून कापूस कितीदा फिरला हे चोयिकुट्टींनी मोजलं नाही. मोजायचं विसरले. दुपारी साडेबाराला श्वास थांबला तो थांबलाच. सुगुणनच्या हातात कापूस तसाच होता आणि पाणी त्याच्या कोपरावरून लुंगीवर गळत होतं.

सुहरा त्यांना मागच्या अंगणात विहिरीशी सापडली. हात धूत होती. रडत होती असंही म्हणता येईल, पण बादलीचं पाणी इतकं तोंडावर मारलेलं होतं की नक्की सांगता आलं नसतं.

"आज तपासणी होती होय?" ती म्हणाली.

"होती."

"मग लिहा. मासळीच्या हातानं आले. ओरडले. पेटी चाळीस मिनिटं उशिरा."

"आणि कानफटात द्यायची धमकी."

"ती दिली असती."

"तेही लिहितो."

ती ओढणीनं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "मंगळवारी तुम्ही फाइल बघितलीत ना?"

"कशावरून?"

"चार आठवडे काटा बिघडलेला होता. मंगळवारी एकाएकी दुरुस्त झाला."

विहिरीवरचा कावळा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. चोयिकुट्टींना हसू आलं आणि त्या हसण्यानं पोटात दुखलं. त्यांनी पहिल्यांदाच कुणाच्यातरी देखत तिथं हात ठेवला. सुहरानं पाहिलं.

"तुमचा माल चांगला आहे," ते म्हणाले. "काडी-माती आहे, पण खरा आहे. अडचण तुमची नाही."

"शीबाची."

"तिला असं धरून बसवायला तू वेळेवर पोचली नाहीस तर?"

"नाही पोचणार एखादवेळी. आज हाकेच्या अंतरावर होते म्हणून पोचले." तिनं बादली उपडी ठेवली. "चोयिएट्टा, खरं सांगू? आम्ही आठवड्यातून एक तास येतो. बाकीचा सगळा आठवडा त्या घराचाच असतो. तपासायचं असेल तर घर तपासा."

परतीच्या बसमध्ये त्यांना जागा मिळाली नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. कितीतरी वर्षांनी त्यांचं डोकं बाजाराच्या दिवसासारखं चालत होतं, लख्ख, भराभर. शीबा पडवीत उडीद निवडत बसली होती. ती पोस्टात कामाला होती, रविवारी घरी. तिनं वर पाहिलं. "अच्छन, केस तसेच आहेत."

"न्हावी मेला," चोयिकुट्टी म्हणाले आणि मग, इतका स्वस्त खोटेपणा आता आपल्याला परवडत नाही हे ध्यानात येऊन, तिच्या समोर बसले. "तांदळाच्या डब्यातला कागद मी वाचलाय. दोन महिने झाले."

शीबाचे हात उडदात थांबले. मग तिला इतका राग आला की ती उभी राहिली. "दोन महिने! आणि मी रोज न्हाणीघरात नळ सोडून रडतेय!"

"मला वाटलं नळ गळतो. मी प्लंबरला सांगून आलोय. उद्या येईल."

ती हसली, आणि हसण्याच्या मधेच तिचं जे व्हायचं ते झालं. चोयिकुट्टींनी तिला रडू दिलं. उठून नळ सोडला नाही. तिचं थोडं ओसरल्यावर त्यांनी चीरूअम्माच्या घरचं सगळं सांगितलं, क्रमानं, अहवालासारखं. आणि त्यानंतर, अहवालासारखं नाही, कल्याणीच्या वेळी अॅम्ब्युलन्सला फोन आपणच केला होता तेही सांगितलं. शीबाला ते माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. या घरात एवढी लपवालपवी कुठून आली, असं त्यांच्या मनात आलं. आणि उत्तर समोर आरशासारखं बसलेलं होतं, नाक पुसत.

"आता आपण तालीम करायची," ते म्हणाले.

"कसली?"

"त्या दिवसाची. मी इथं बाजेवर पडतो. तू आतून ये."

"वेड लागलंय का अच्छन? भलतंसलतं बोलू नका."

"भलतं बोलणार तो आवाज. तो मी आज नीट ऐकून आलोय. तू तुझं काम कर."

चार वाजले होते. शेजारच्या घरी दळणाचं यंत्र घरघरत होतं. चोयिकुट्टी बाजेवर आडवे झाले, डोळे मिटले आणि घशातून आवाज काढला. इतका हुबेहूब की त्यांच्या स्वतःच्याच मानेवर काटा आला. आतून पावलं आली, थबकली, आणि तडक फोनकडे गेली.

"नापास," चोयिकुट्टी डोळे न उघडता म्हणाले. "पुन्हा."

दुसऱ्या वेळी ती फोनकडे गेली नाही, कुंपणाशी धावली आणि "देवयानी चेची!" अशी हाक मारली. शेजारचं यंत्र बंद पडलं. देवयानी चेची कुंपणावरून डोकावली, बाजेवरचा म्हातारा पाहिला आणि छाती पिटण्याच्या बेतात आली. "काही नाही चेची," बाजेवरून म्हातारा म्हणाला, "परीक्षा चाललीय." मग शीबाला : "शेजाऱ्यांना बोलवायला हरकत नाही. पण आधी बसायचं. पुन्हा."

"मला नाही जमणार."

"मलाही जमलं नव्हतं. माझी तालीमच झाली नव्हती. पुन्हा."

तिसऱ्या वेळी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी आवाज काढला, थांबवला, काढला, जसा आज ऐकला होता तसा, मधली अंतरं वाढवत. पावलं आली. फोनपाशी थांबली. चोयिकुट्टींना त्या थांबण्याची लांबी कळत होती. नऊ वर्षांपूर्वी ते तेवढंही थांबले नव्हते. मग बाज एका बाजूला कलली. ती बसली होती. तिचा हात आधी कपाळावर आला, तिथं काय करायचं ते न सुचून खांद्यावर आला, आणि शेवटी त्यांचा हात शोधून त्याच्यात शिरला. हात थरथरत होता, चांगलाच. पण बसलेला होता. शेजारचं यंत्र अजून बंदच होतं. देवयानी चेची कुंपणाशी तशीच उभी असणार. शीबा अंगठ्यानं त्यांच्या तळहाताचा मधला भाग चोळत राहिली, सावकाश, कुणी न शिकवलेलं, त्यांच्या चौदा मुद्द्यांत कुठेच नसलेलं. चोयिकुट्टींनी ठरल्याप्रमाणे आवाज थांबवला. श्वास अगदी बारीक केला. आता तिनं उठायला हरकत नव्हती, तालीम संपली होती. ती उठली नाही. निकाल त्यांच्या ओठांवर तयार होता, एका शब्दाचा. पण तो उच्चारला की ती हात काढून घेणार, डोळे पुसणार, चहा ठेवायला आत जाणार. तेव्हा चोयिकुट्टींनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच एक निकाल राखून ठेवला आणि डोळे मिटून तसेच पडून राहिले.